शाहीनची पाच पिसं

पडेगाव, औरंगाबाद
९ नोव्हेंबर १९८६

ती. अनसूयाताईस, लक्ष्मणचा सा. न.

मार्चनंतर तुला एकही पत्र नाही, याबद्दल आधी क्षमा मागतो. कारणं देता येतील. घर बदललं, नगररचना कार्यालयात काम वाढलं, पाण्याचा टँकर येतो त्या दिवशी निम्मी सकाळ बादल्यांतच जाते. पण रोजच्या डायरीला मला वेळ मिळतो आणि आतेबहिणीला मिळत नाही, तेव्हा कारण वेळेचं नव्हतं हे मला कळतं.

आता आम्ही पडेगावात राहतो. दौलताबाद रस्त्याच्या कडेला परवापरवापर्यंत ज्वारी होती. दोन वर्षं ती वितभर वाढून वाळली, तेव्हा लोकांनी जमिनी विकल्या आणि प्लॉट पडले. त्यांतल्या बऱ्याच प्लॉटांचे नकाशे माझ्याच टेबलावरून पुढं गेले. तेव्हा ते नुसते चौकोन होते. आता सकाळी खिडकी उघडली की धसकटं दिसतात.

गच्ची मात्र मोठी मिळाली. चव्वेचाळिसाव्या वर्षी का होईना, कबुतरांची ढाबळ मनासारखी बांधता आली. सध्या एकोणीस पाखरं आहेत. सुरमई तुला आठवत असेल, काजळाच्या रंगाची. मागच्या जानेवारीच्या बाजीत ती आठ तास पन्नास मिनिटं वर राहिली. शहरातल्या सगळ्या कबूतरबाजांची पाखरं एका वेळी सुटतात, शेवटी उतरेल ते जिंकतं. तू त्याला 'मुक्या जिवांना उपाशी फिरवणं' म्हणतेस, माहीत आहे. पण ती उतरली तेव्हा माझे उस्ताद दस्तगीरचाचा सगळ्यांदेखत उठून उभे राहिले होते. त्यांना उठून उभं राहताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

यंदा एक नवी काळजी आहे. दौलताबादच्या कड्यावर शाहीन ससाण्यांची जोडी परत आली आहे. चाचा म्हणतात, वीस वर्षांत दिसली नव्हती. शहर वाढलं, शहराबरोबर कबुतरं वाढली, त्यांच्यामागं ही आली. माझी तीन पाखरं गेली. साहेबरावांची सात. (साहेबराव म्हणजे देवगाव रंगारीचे, आता इथं घरं बांधायची कंत्राटं घेतात. बाजीत माझ्यानंतर त्यांचाच नंबर.)

एक सहज विचारतो. जखमी पाखरं लोक तुझ्याकडं आणून देतात. हल्ली कोणी काही आणलं का?

डायरीत मी दिवसाच्या शेवटी उद्याचं एकच काम लिहितो. कालच्या पानावर होतं: ताईला पत्र. म्हणजे तेवढं तरी झालं.

तुझा
लक्ष्मण

———

खुलताबाद
२१ नोव्हेंबर १९८६

चि. लक्ष्मणास अनेक आशीर्वाद.

आठ महिन्यांनी पत्र लिहिलंस आणि त्यात नेमकं तेच विचारलंस. हो, आणलं आहे, आणि तेही कोणतं? तुमची शाहीनच.

दिवाळीच्या आधी दौलताबादच्या उतारावर शेळ्या चारणारा रामकिसन तिला घेऊन आला. बोरीखाली जमिनीवर बसली होती, उडत नव्हती. त्यानं डोक्याचं मुंडासं सोडून तिला त्यात गुंडाळलं आणि उघड्या डोक्यानं घाट चढून माझ्या दारात आला. 'बाई, ही वरची हाय, खाली का बसलीय बघा,' एवढंच बोलला. मी पंख उघडून पाहिला. हाड शाबूत. जखम नाही. उजव्या पंखाची टोकाकडची पाच मोठी पिसं मधोमध कापलेली, कात्रीनं, एका रेषेत.

शाळेत शास्त्र शिकवायला लागून मला तेवीस वर्षं झाली. मांज्यानं चिरलेली घार पाहिली, गलोलीनं डोळा गेलेलं घुबड पाहिलं. पण असा थंड डोक्यानं केलेला प्रकार पाहिला नाही. उरसात तमाशा दाखवणाऱ्या कोणी तरी विकायला पकडली असेल. ज्यानं हे केलं त्याला पाखरांतलं अक्षर कळत नाही, हे मी लिहून देते.

वनखात्याला कळवलं. 'तुम्हीच सांभाळा' म्हणाले. पशुवैद्य दुष्काळी छावणीतल्या गुरांपुढं हतबल झालेत, तरी येऊन पाहून गेले. बंदिस्त ठेवली तर पाय सुजतील, दोन-तीन महिन्यांपलीकडं जगेल असं धरत नाही म्हणाले. तिचा नर रोज कड्यावर एकटा बसतो, असं रामकिसन सांगतो. जानेवारी संपता संपता यांची अंडी घालायची वेळ. त्याआधी ही उडाली तर जोडी राहील. नाही तर वीस वर्षांनी आलेली पाखरं गेली.

तू पिसांतला माणूस. सांग, कापलेली पिसं कधी येतात? मी तिला शाळेच्या जुन्या प्रयोगशाळेत ठेवली आहे. उंदीर खाते आणि माझ्याकडं अशी बघते की जणू मीच तिच्या घरी पाहुणी आले आहे.

अनसूया

———

पडेगाव
१ डिसेंबर १९८६

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र चार वेळा वाचलं.

प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कापलेलं पीस पुन्हा वाढत नाही. खुंट तसाच राहतो आणि पुढच्या पिसगळतीत पडतो, तेव्हा नवं येतं. तिच्या बाबतीत म्हणजे पुढचा पावसाळा. कबुतराचा खुंट आम्ही उपटतो, चाळीस दिवसांत नवं पीस भरतं. शाहीनचा मात्र उपटू नकोस. चाचा म्हणतात, मुळाशी इजा झाली तर ते पीस जन्मभर वाकडं येतं.

पण त्यांनी आणखी एक सांगितलं. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात एका जहागीरदाराच्या बाजखान्यात शिकारी ससाणे सांभाळत. तिथं मोडलेलं पीस जोडत. तीन धारांची बारीक सुई मिठाच्या पाण्यात बुडवायची, निम्मी खुंटात, निम्मी दुसऱ्या पिसाच्या दांडीत. सुई आतल्या आत गंजते आणि दोन्हीकडून घट्ट धरते. चाचांचे हात आता थरथरतात. त्यांनी मेलेल्या पारव्याच्या पंखावर चार दिवस माझ्याकडून ते करून घेतलं. पाचव्या दिवशी पीस ओढून पाहिलं आणि नुसतं 'हूं' म्हणाले. त्यांच्या तोंडून हे फार झालं.

तेव्हा हात मिळाला. पिसं मात्र शाहीनचीच हवीत, त्याच पंखाची, त्याच क्रमानं.

इथं कबूतरबाजांची बैठक झाली, साहेबरावांच्या गच्चीवर. शाहीन खुलताबादेत कोणाकडं तरी आहे ही बातमी पोचली आहे, तुझं नाव नाही. बहुतेकांचं म्हणणं, देवानं परस्पर निकाल लावला, आता कोणी मध्ये पडू नये. साहेबरावांनी तर ठराव मांडला की जो तिला उडवायला मदत करील त्याला बाजीतून बाद करायचं. मला त्यांचा राग आला नाही. त्यांची सात पाखरं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. सातवीच्या वेळी ते जेवले नव्हते, हे त्यांच्या घरून कळलं. मी बैठकीत काही बोललो नाही. याबद्दल डायरीत दोन पानं लिहिली, पण तिथं बोलायला हवं होतं.

ज्यानं कापलं त्याला पाखरांतलं अक्षर कळत नाही, असं तू लिहिलंस. मला वाटतं, कळत असावं. पाच पिसं एका रेषेत, रक्ताचा थेंब न काढता कापणं सोपं नाही.

लक्ष्मण

———

खुलताबाद
१० डिसेंबर १९८६

चि. लक्ष्मणास आशीर्वाद.

कापणाऱ्याचं कौतुक पुरे. त्याच्या हस्तकौशल्याला मी काय शाल-नारळ देऊ?

बाकी पत्रानं मात्र जीव भांड्यात पडला. रामकिसन आणि मी शनिवार-रविवार कड्याखाली फिरलो. माझे गुडघे अजून बोलत आहेत. दोन पिसं मिळाली, एक डाव्या पंखाचं, एक वाळवीनं खाल्लेलं. रामकिसन म्हणाला, 'बाई, ज्यानं कापली त्याच्याकडंच असतील की.' मी म्हटलं, असला माणूस पिसं कशाला ठेवील, उकिरड्यावर टाकली असतील.

काल ती पाय झटकत होती. डाव्या पंज्याचा तळवा लाल दिसतो. महिनाभराच्या वर वेळ नाही, लक्ष्मण.

लहानपणी तुटलेल्या पतंगाची कामटी तू अशी जोडायचास की जोड बोटाला लागायचा नाही. गल्लीतली सगळी पोरं पतंग घेऊन तुझ्या ओट्यावर बसायची आणि मी ऐटीत सांगायची, हा माझा मामेभाऊ. अजून सांगते. हात तुझाच चालेल, याची मला खात्री आहे. पिसं कुठून आणायची तेवढं सांग.

अनसूया

———

पडेगाव
१४ डिसेंबर १९८६

ती. ताईस,

पिसं माझ्याकडं आहेत. पाचही. माझ्या डायरीत, १९ ऑक्टोबरच्या पानात, क्रमानं ठेवलेली.

त्या सकाळी सुरमई खाली झेपावली ती सरळ ढाबळीत शिरली आणि तिच्यामागं शाहीन. मी दाराची दोरी सोडली, जाळी पडली. दोघी आत. सुरमईला बाहेर काढलं आणि शाहीनवर टॉवेल टाकून तिला धरलं. कात्री कमरेला होतीच. दुसऱ्याचं चुकलेलं कबूतर आपल्या ढाबळीत आलं की आम्ही काय करतो, तुला ठाऊक नसेल. त्याच्या एका पंखाची पिसं कापतो. ते महिनोनमहिने उडू शकत नाही, आपल्याकडं दाणा खातं, पिसं येईपर्यंत आपलं घर ओळखायला लागतं. पंचवीस वर्षं हा हात तेच करत आला. आत आलेलं पाखरू, कात्री, पाच पिसं.

हे मी स्वतःला सांगत आलो की हातानं केलं, डोकं नंतर पोचलं. तुला लिहिताना ते टिकत नाही. तिसऱ्या पिसाशी मी थांबलो होतो. तेव्हा डोकं पोचलेलं होतं. ही एक हंगाम जमिनीवर राहिली तर बाजीत सुरमई वर राहील, असा विचार स्पष्ट शब्दांत मनात आला, आणि मग मी आणखी दोन कापली.

मारवली नाही. ठेवून घेणंही शक्य नव्हतं. पोत्यात घालून उतारावर सोडून आलो. ती उडायचा प्रयत्न करताना एका बाजूला कलली, पुढचं पाहायला मी थांबलो नाही.

पिसं का ठेवली, हेही लिहितो. दाखवायला. शाहीनला हातात धरून तिचे पर कापणारा दुसरा माणूस या शहरात नाही, याचा मला अभिमान वाटला होता. मग दाखवायची हिंमत झाली नाही.

रविवारी, २१ तारखेला, पहिल्या बसनं येतो. माझं तोंड पाहायची इच्छा नसेल तर कळव, पिसं पाठवून देतो. पण जोडायला दुसरा हात इथं नाही. हे मी गर्वानं लिहीत नाही. की लिहितो? मला ठरवता येत नाही.

लक्ष्मण

———

खुलताबाद
१६ डिसेंबर १९८६

लक्ष्मण,

ये.

सुया, मीठ, सरस आहे. तिच्या डोळ्यांवर चढवायला माझा लोकरीचा मोजा धुऊन ठेवला आहे. चहा मिळेल. बाकीचं मी तुला पिसं जोडून झाल्यावर बोलेन, आधी बोलले तर तुझा हात हलेल.

रामकिसन तिला धरायला असेल. त्याला मी काही सांगितलेलं नाही. ते माझं काम नाही.

अनसूया

———

खुलताबाद
६ जानेवारी १९८७

चि. लक्ष्मणास आशीर्वाद.

त्या रविवारी बोलायचं म्हणून ठरवलेलं सगळं बोलून झालं आहे. तू मान खाली घालून ऐकलंस, एकदाही 'पण' म्हणाला नाहीस. तेव्हा ते पुन्हा काढत नाही.

आता चांगलं सांगते. पाचही पिसं टिकली आहेत. पंधरा दिवस झाले. ती प्रयोगशाळेच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उडते, पायाला लांब दोरी बांधून मैदानातही दोनदा उडवली. पशुवैद्य पंख उजेडात धरून जोड शोधत होते. तिसऱ्या पिसाचा सापडला, बाकीचे चार मला दाखवावे लागले. 'हे कुठल्या डॉक्टरनं केलं?' म्हणाले. मी म्हटलं, नगररचना कार्यालयातल्या कारकुनानं. मला हे सांगताना किती बरं वाटलं, काय सांगू. रागही अजून आहे. दोन्ही एका वेळी असू शकतात, हे मला या वयात कळलं.

येत्या रविवारी, ११ तारखेला, सोडायचं म्हणते. मात्र एक तुला विचारल्याशिवाय करणार नाही. तुमची बाजी १८ तारखेला आहे. दौलताबादच्या कड्यावर सोडली तर नर तिथंच आहे, जोडी लगेच जमेल. पण तुझी गच्ची तिथून हाकेच्या अंतरावर. बाजी होईपर्यंत आठवडा थांबता येईल. तळव्याची सूज थोडी वाढेल, पण थांबता येईल. किंवा कन्नडच्या घाटात नेऊन सोडता येईल. तिथं तिला नर शोधावा लागेल, पण तुझी सुरमई वाचेल.

तिच्या पंखात तुझं काम आहे. तू सांगशील तसं करीन.

अनसूया

———

पडेगाव
९ जानेवारी १९८७

ती. ताईस सा. न.

दौलताबादलाच सोड. याच रविवारी. मी येतो.

हे लिहायला दोन दिवस लागले, कारण आधी इथं सांगणं भाग होतं. काल संध्याकाळी साहेबरावांच्या गच्चीवर सगळे जमले असताना सगळं सांगितलं. कापली मी, जोडली मी, आणि रविवारी सोडणारही मी.

साहेबराव म्हणाले, "म्हंजी आधी तूच बाद केली, आन आता तूच पुन्यांदा आमच्या डोक्यावर सोडतूस. लक्ष्मणराव, तुमी क्लार्क लोकं लई भारी. फाइल बी तुमीच अडकवता, फाइल बी तुमीच सोडता."

सगळे हसले. मीही हसलो. मग ते गंभीर झाले. ठराव त्यांचाच होता आणि ते शब्दाचे पक्के. म्हणाले, "माझी सात गेली. तुजी सुरमई गेल्यावर मंग कळंल. यंदा तुजं नाव न्हाई."

मी हो म्हटलं. ठराव झाला तेव्हा मी तिथंच बसलो होतो.

दस्तगीरचाचा कोपऱ्यात पान जुळवत होते. मान वर न करता म्हणाले, "साहेबराव मियाँ, बीस साल से आसमान खाली था. खाली आसमान में उडाए सो क्या उडाए? पतंग बी उडती." मग माझ्याकडं पाहिलं. "तू पर काटा सो बात मेरे को बोला नहीं. वो मैं याद रखूँगा. जोडा सो बी याद रखूँगा."

ताई, मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण घरी येताना पाठ ताठ होती, हे नाकारता येत नाही.

लक्ष्मण

———

पडेगाव
१९ जानेवारी १९८७

ती. ताईस सा. न.

काल बाजी झाली. माझं नाव नव्हतं, पण पाखरं माझी, गच्ची माझी. सात वाजून दहा मिनिटांनी साहेबरावांच्या गच्चीवर निशाण हललं तेव्हा मीही सुरमईला सोडलं. तिच्याबरोबर तिचं पहिलं पिल्लू, निळं, पाच महिन्यांचं. त्याला सोडायला नको होतं. ते आपणहून आईमागं निघालं आणि मी अडवलं नाही.

दहाच्या सुमाराला किल्ल्याच्या बाजूनं दोन ठिपके आले. सगळ्या गच्च्यांवर ओरडा झाला. लोकांनी शिट्ट्या मारून, दाणे दाखवून पाखरं उतरवली. नऊ गच्च्यांची पाखरं पहिल्या पाव तासात खाली आली. वर चारच उरली. त्यांत माझी दोन.

सुरमई वर चढत गेली. शाहीनच्याही वर जायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पिल्लाला तेवढं चढता आलं नाही.

मी दुर्बिणीतून पाहिलं. शाहीननं पंख मिटले आणि ती दगडासारखी खाली आली. अकरा तारखेला आपण तिला सोडलं तेव्हा ती सरळ कड्याकडं गेली होती, पंखाला जोर लावायची वेळच आली नव्हती. माझ्या डोळ्यांपुढं ही पहिली. त्या वेगात पंख उघडताना जोड सुटला असता तर ती आकाशातच फाटली असती. पंख उघडला. दुर्बिणीत मला पंखाचं टोक दिसलं. पाचही पिसं जागेवर होती. पिल्लू तिच्या पायात होतं.

मी माझंच पिल्लू जाताना पाहत होतो आणि माझ्या तोंडून पहिला शब्द 'टिकली' असा निघाला. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. डोळे त्यानंतर भरून आले, आधी नाही. हा क्रम तसाच लिहून ठेवतो, बदलत नाही.

सुरमई चार वाजून पन्नास मिनिटांनी उतरली. नऊ तास चाळीस मिनिटं. शेपटीचं एक पीस मोडलं आहे, बाकी ठीक. निकालाच्या यादीत साहेबरावांचं पाखरू पहिलं, साडेसात तास. ते संध्याकाळी घरी आले. ढाबळीपुढं उकिडवे बसून सुरमईला हातात घेतलं, छातीवरून बोट फिरवलं. पिल्लाची रिकामी खोपटी पाहिली. म्हणाले, "माजं आठवं गेलं असं समज." मग जिन्यापाशी थांबून, "नऊ चाळीस. म्या माज्या घड्याळात बघितलंय. यादीत न्हाई, पर कुनी इचारलं तर सांगीन."

आज किल्ल्याकडं जाऊन आलो. दोघं कड्यावर शेजारी बसली होती. खाली रामकिसन होता. त्यानं मला पाहिलं, शेळ्या सोडून आला आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाला, "साहेब, ह्या हातानं जीव लावला तिला. आन ज्यानं कापलं त्याचे हात झडोत." ती उडाली त्या दिवशीही तो हेच म्हणाला होता. आजही मी गप्प राहिलो. कबूतरबाजांपुढं बोललो, कारण तिथं बोलण्यात माझा मान होता. जो तिला उघड्या डोक्यानं घाट चढून घेऊन आला त्याच्यापुढं बोलायला मान नाही, म्हणून राहिलं. तू 'ते माझं काम नाही' असं लिहिलं होतंस, ते आता नीट समजलं.

डायरीचं पान समोर आहे. तिथं लिहिलं तेच इथं लिहितो.

उद्याचं काम: रामकिसनला भेटून, कात्री माझी होती हे सांगणे.

लक्ष्मण